अमिगा १२०० सुरू व्हायला पाऊण मिनिट घेतो? आधी घड्याळ लावा

वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यावरचं बटण दाबलं. पॉवरचा हिरवा दिवा लागला, डिस्कचा दिवा एकदा लुकलुकला, आणि मग काहीच नाही. पडदा काळा. आपण खुर्चीत मागे टेकतो, पुढे येतो, केबल हलली का बघतो, आणि रीसेट मारणार तेवढ्यात वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, असं उघडतं, की जणू मधे काही घडलंच नाही.

माझ्या अमिगा १२०० ला, म्हणजे कमोडोरच्या १९९२ च्या घरगुती संगणकाला, हा रोग दोन वर्षांत तीनदा झाला. तिन्ही वेळा बाहेरून दिसणारं लक्षण एकच, कारण मात्र दर वेळी वेगळं. आणि तिन्ही वेळा मी पहिला संशय डिस्कवरच घेतला. पहिल्या खेपेला तर चालती हार्ड डिस्क काढून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. खर्च झाला, आवाज गेला, उशीर तसाच राहिला. म्हणून आधीच सांगून ठेवतो : स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी घड्याळ घ्या.

कुठल्या टप्प्यात वेळ जातोय?

मशीन चालू झालं की आधी ५१२ केबीची किकस्टार्ट रॉम, म्हणजे चिपमध्ये कोरलेला सिस्टिमचा पाया, जागी होते. ती मेमरी आणि जोडलेली कार्डं तपासते, मग डिस्कचा ड्रायव्हर उठवते. या ड्रायव्हरचं नाव 'स्कझी डॉट डिव्हाइस', जरी १२०० मध्ये डिस्क जोडायची पद्धत स्कझी नसून आयडीई असली तरी. नावावरून गोंधळून जाऊ नका, कमोडोरनेच ते तसं ठेवलं आहे. ड्रायव्हर डिस्कला 'तू कोण' म्हणून विचारतो, तिच्या पहिल्या १६ सेक्टरांत आरडीबी नावाचा ठोकळा शोधतो, त्यातून पार्टिशनांची यादी घेतो, आणि ज्या पार्टिशनची बूट प्रायॉरिटी सर्वांत जास्त तिच्यावरून स्टार्टअप-सीक्वेन्स ही सुरुवातीच्या आदेशांची फाइल चालवायला लागतो. शेवटी वर्कबेंच.

या साखळीचे दोन तुकडे करायला एक फुकटचं हत्यार मशीनमध्येच आहे. माउसची दोन्ही बटणं दाबून धरा आणि मशीन चालू करा. अर्ली स्टार्टअपचा मेनू येतो. तो किती सेकंदांनी आला ते मोजा. हा मेनू येतो तेव्हा ड्रायव्हरने डिस्क शोधून झालेली असते, पण स्टार्टअप-सीक्वेन्सची एकही ओळ चाललेली नसते. म्हणजे मेनूच उशिरा आला तर दोष डिस्क, जंपर (डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी), अडॅप्टर (कार्ड केबलला जोडणारी पट्टी) किंवा आरडीबीत. मेनू झटकन आला आणि त्यानंतर रखडलं, तर फाइल सिस्टिम नाहीतर तुमच्या स्क्रिप्टा. इतकं कळलं तरी निम्मं काम झालं.

मोजणी थंड मशीनवर करा, म्हणजे मिनिटभर बंद ठेवून. आणि मग कंट्रोल-अमिगा-अमिगा दाबून गरम रीसेटवर पुन्हा करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. थंड सुरुवात हळू आणि गरम सुरुवात झपाट्याने होत असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा, तुमचं दुखणं विजेचं किंवा डिस्कच्या मोटरचं असण्याची शक्यता जास्त.

मेनूच उशिरा येतो : नसलेल्या डिस्कची वाट पाहणं

माझी पहिली खेप हीच. कार्ड टाकलं, दोन बटणं धरली, मेनू यायला जवळजवळ अर्धा मिनिट. कार्ड वाचायला अर्धा मिनिट लागणं शक्यच नाही, त्यात फिरणारं काही नाही. मग हा वेळ कोण खातंय?

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क बसतात, मास्टर आणि स्लेव्ह. ड्रायव्हर मास्टरशी बोलून झालं की स्लेव्हला हाक मारतो. स्लेव्ह नसेल तर 'इथे कुणी नाही' हे त्याला ताबडतोब कळायला हवं. ते कसं कळतं? डिस्कच्या स्टेटस रजिस्टरमध्ये सातव्या क्रमांकाचा बिट 'मी कामात आहे' असं सांगतो. चांगला मास्टर नसलेल्या स्लेव्हच्या वतीने तिथे शून्य देतो. पण काही अडॅप्टर आणि कार्डं अशा वेळी गप्प बसतात, तार लोंबकळत राहते, आणि लोंबकळणारी तार बऱ्याचदा एक म्हणून वाचली जाते. झालं. ड्रायव्हरला वाटतं की समोर कुणीतरी आहे आणि ते कामात आहे. तो सभ्यपणे थांबतो. आयडीईच्या मानकात डिस्कला रीसेटनंतर तयार व्हायला ३१ सेकंदांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे इथला उशीर असा अर्ध्या मिनिटाच्या आसपास घुटमळताना दिसला तर नवल नाही.

जुन्या खऱ्या हार्ड डिस्कवर हेच दुखणं जंपरमुळे होतं. नव्वदच्या दशकातल्या अनेक डिस्कांवर मास्टरसाठी दोन वेगळ्या जागा असत : 'एकटा मास्टर' आणि 'मास्टर, सोबत स्लेव्ह आहे'. दुसऱ्या जागेवर जंपर असेल तर डिस्क स्वतःच न जोडलेल्या भावंडाच्या निरोपाची वाट बघते. तेव्हा आधी जंपर पाहा. केबल सिलेक्टवर ठेवलेला असेल तर तोही काढून सरळ मास्टरवर लावा.

जंपर बरोबर असेल तर दुसरा उपाय आरडीबीमध्ये आहे. त्यात 'लास्ट डिस्क' नावाचा एक बिट असतो. त्याचा अर्थ, या कंट्रोलरवर माझ्यानंतर कुणी नाही, पुढे शोधू नका. माझ्या कार्डावर तो लावलेलाच नव्हता. आरडीबी बदलणाऱ्या कुठल्याही चांगल्या साधनात, मी 'एचडीइन्स्टटूल्स' वापरलं, हा बिट लावून आरडीबी पुन्हा लिहायची. पार्टिशनांना हात लावायचा नाही, फक्त हा एक बिट. तरीही आधी अख्ख्या कार्डाची प्रत काढून ठेवा. आरडीबी लिहिताना बोट घसरलं की पार्टिशनांची यादी गेली, आणि ती परत मांडायला सुरुवातीचे-शेवटचे सिलिंडर आकडे तुम्हाला पाठ नसतात. लिहून झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून मग चालू करा.

माझ्याकडे मेनू लगेच चार सेकंदांवर आला.

जंपरही झाला, बिटही लावला, तरी ढिम्म, असं असेल तर अडॅप्टर बदलून पाहा. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट : आयडीईचं मानकच सांगतं की यजमान, म्हणजे संगणकाच्या, बाजूला डेटाच्या डीडी७ तारेवर १० किलोओहमचा रेझिस्टर जमिनीकडे ओढलेला असावा, म्हणजे समोर कुणी नसेल तर तो 'कामात' बिट शून्यच वाचला जाईल. कनेक्टरवर डीडी७ ही पिन ३, आणि तिच्या शेजारची पिन २ जमीन. त्यामुळे रेझिस्टर या दोघींच्या मध्ये अडॅप्टरच्या मागच्या बाजूने नीट बसतो. हे मी स्वतः मशीनच्या बोर्डावर कधीच करणार नाही. अडॅप्टर जळला तर दुसरा मिळतो.

एक गंमत. वर्षभराने मी त्याच केबलवर दुसरं कार्ड स्लेव्ह म्हणून जोडलं आणि ते दिसेचना. एक अख्खी संध्याकाळ केबल, जंपर, कार्ड यांत गेली. बिट मीच लावला होता. आता अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून 'लास्ट डिस्क चालू' असं लिहून ठेवलंय.

मेनू लगेच, पण मग डिस्कचा दिवा विझतच नाही

दुसरी खेप सहा महिन्यांनी. मेनू चार सेकंदांतच, पण पुढे वर्कबेंच उघडायला पाऊण मिनिट, आणि उघडल्यावरही प्रत्येक खिडकी रांगत उघडणार. डिस्कचा दिवा सलग पेटलेला. खरी हार्ड डिस्क असती तर हेडची कटकट ऐकू आली असती आणि लगेच ओळखलं असतं. कार्डावर आवाज नाही हा त्याचा तोटाही आहे.

शेल उघडून 'इन्फो' आदेश द्या. प्रत्येक पार्टिशनपुढे तिची स्थिती येते. तिथे 'रीड/राइट' असायला हवं. 'व्हॅलिडेटिंग' दिसलं तर उत्तर मिळालं.

अमिगाची फास्ट फाइल सिस्टिम कुठला ब्लॉक मोकळा आणि कुठला भरलेला याचा एक नकाशा ठेवते, त्याला बिटमॅप म्हणतात. काही लिहायला सुरुवात झाली की 'नकाशा आता भरवशाचा नाही' अशी खूण ती पार्टिशनच्या मुख्य ब्लॉकवर करते. लिहिणं संपलं, नकाशा नवा झाला, की खूण पुसते. त्या मधल्या क्षणी तुम्ही वीज बंद केली किंवा रीसेट मारलं, तर खूण तशीच राहते. पुढच्या खेपेला सिस्टिम ती खूण पाहते आणि पार्टिशनमधला प्रत्येक फोल्डर, प्रत्येक फाइल चालून जाऊन नकाशा नव्याने काढते. यालाच व्हॅलिडेशन म्हणतात. पार्टिशन मोठं आणि छोट्या छोट्या फाइली हजारांनी, तर हे मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी स्टार्टअप-सीक्वेन्सही त्याच डिस्कवरून वाचत असतो. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

यावर पहिला उपाय ऐकायला बावळट वाटेल : थांबा. ते पुरं होऊ द्या. पार्टिशन 'रीड/राइट' झाली की मशीन बंद करा, पुन्हा चालू करा, वेग परत आलेला असेल. लोक नेमकं उलटं करतात. हळू चाललंय म्हणून कंटाळून रीसेट मारतात, व्हॅलिडेशन पहिल्यापासून, पुन्हा हळू, पुन्हा रीसेट. दर वेळी उशीर होतो अशी ज्यांची तक्रार असते त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हे असतं. मीही आठवडाभर हेच केलं.

फाइल सेव्ह केल्यावर दिवा विझला तरी मनात तीनपर्यंत मोजा, मग बटण. फाइल सिस्टिम नकाशा जरा उशिराने लिहिते, दिवा विझून पुन्हा एकदा चमकतो तो त्याचाच.

पण कधीकधी व्हॅलिडेशन पुरं होतच नाही. मधेच पडद्यावर सूचना येते, अमुक ब्लॉकची चेकसम (डेटा शाबूत आहे का ते तपासणारी बेरीज) चूक आहे किंवा अमुक 'की' (ब्लॉकचा क्रमांक) आधीच वापरलेली आहे, आणि पार्टिशन 'नॉट व्हॅलिडेटेड' राहते. त्यावर लिहिता येत नाही, आणि दर सुरुवातीला तोच सगळा फेरा. इथे थांबून उपयोग नाही. वाचता येतंय तोवर सगळा डेटा दुसऱ्या पार्टिशनवर काढा, ही पार्टिशन फॉरमॅट करा, डेटा परत आणा. 'डिस्कसाल्व्ह'सारखी साधनं मदत करतात, पण जुन्या आवृत्त्या ४ जीबीच्या पलीकडच्या पार्टिशनवर मुळीच चालवू नका, दुरुस्तीच्या नावाखाली नासाडी होईल.

आणि मग विचारा, बिघडलं कशानं? माझ्या बाबतीत कारण मॅक्सट्रान्सफर निघालं. हा प्रत्येक पार्टिशनचा एक आकडा : एका दमात ड्रायव्हरने किती बाइट मागायचे. जुन्या ड्रायव्हरला आयडीईवर एका वेळी २५५ सेक्टरांपेक्षा जास्त मागणं झेपेलच याची खात्री नसते. तिथे खूप मोठा आकडा असेल तर मोठ्या फाइली वाचता-लिहिताना गुपचूप तुकडे चुकतात. लहान फाइली ठीक, मोठं आर्काइव्ह उघडलं की चेकसम चूक, हे त्याचं ठरलेलं लक्षण. २५५ सेक्टर गुणिले ५१२, म्हणजे १,३०,५६० बाइट. हा आकडा सगळ्या पार्टिशनांना द्या. आरडीबीच्या साधनात तो हेक्समध्ये लिहावा लागतो, पार्टिशनच्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत.

तसंच ४ जीबीचं कुंपण. किकस्टार्ट ३.० आणि ३.१ मधला ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम त्यापलीकडे नीट बघू शकत नाहीत. तिथे लिहिलेलं गोल फिरून डिस्कच्या सुरुवातीवर पडतं, म्हणजे थेट तुमच्या सिस्टिम पार्टिशनवर. ३२ जीबीचं कार्ड टाकून सगळं एकाच पार्टिशनमध्ये दिलं असेल तर उशीर ही तुमची सर्वांत लहान अडचण आहे. २०१८ मध्ये आलेल्या ३.१.४ आणि २०२१ मधल्या ३.२ आवृत्तीत हे सुटलं आहे. मी सिस्टिम पार्टिशन ५०० एमबीचीच ठेवतो आणि ती पीएफएस३ वर हलवली आहे. या फाइल सिस्टिममध्ये व्हॅलिडेशन नावाचा प्रकारच नाही. मधे वीज गेली तर शेवटचं लिहिलेलं जातं, पण डिस्क जुन्या धड अवस्थेत उभी राहते. माझ्या मते व्हॅलिडेशनचा त्रास ज्याला दोनदा झाला त्याने तिसऱ्याची वाट पाहू नये.

डिस्क ठीक, तरी वर्कबेंच रखडतं

इथे संशयित म्हणजे स्टार्टअप-सीक्वेन्स आणि तिच्या जोडीची, आपण स्वतः भरायची यूजर-स्टार्टअप. कुठली ओळ वेळ खाते ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून दर चार-पाच ओळींनंतर 'डेट' आदेशाची एक ओळ घाला आणि तिचं उत्तर रॅम डिस्कवरच्या एका फाइलच्या शेवटी जोडत जा. सुरू झाल्यावर ती फाइल उघडा. दोन वेळांमध्ये जिथे मोठी दरी, चोर तिथे.

माझ्या फाइलमध्ये पहिली दरी सात सेकंदांची होती, आणि ती ज्या ओळीवर होती तिच्याकडे मी कधी पाहिलंही नव्हतं : एन्व्हआर्क मधलं सगळं रॅममध्ये कॉपी करणारी ओळ. ही ओळ मूळ सिस्टिमचीच आहे, सेटिंगच्या छोट्या फाइली हलवते. पण प्रत्येक प्रोग्रॅम तिथे आपलं काहीतरी टाकत जातो, आणि आयकॉनचे संच टाकणारे तर शेकडो फाइली टाकतात. फास्ट फाइल सिस्टिमला फोल्डरची यादी करायची तर प्रत्येक फाइलचा शीर्षक-ब्लॉक वेगळा वाचावा लागतो. दोन-दोन केबीच्या चारशे फाइली एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी हळू जातात. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांचं जुनं सामान तिथून झाडलं आणि सातचे दोन सेकंद झाले. गरज पडेल तशीच फाइल रॅममध्ये आणणारे एन्व्ह हँडलरही मिळतात, त्यांनी तेही वाचतात.

दुसरी दरी, आणि हीच माझी तिसरी खेप, वीस सेकंदांची : यूजर-स्टार्टअपमध्ये नेटवर्क चालू करणारी ओळ. राउटर बंद असला की ती पत्त्याची वाट बघत बसायची. राउटर चालू असेल त्या दिवशी सगळं छान, म्हणून दोष कधी दिसे, कधी नाही. तिच्या आधी 'रन' लावून मागच्या मागे चालवलं, प्रश्न मिटला.

बफर, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं तात्पुरतं ठेवायची मेमरी, वाढवा हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो बरोबरही आहे, पण मूळ स्टार्टअप-सीक्वेन्समधली 'अ‍ॅडबफर्स' ओळ फ्लॉपीसाठी असते, हार्ड डिस्कसाठी नाही. पार्टिशनचे बफर आरडीबीत ठरतात, साधारण ३०. एक बफर ५१२ बाइटचा, म्हणजे जेमतेम १५ केबी. फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरची, वेगळी जोडलेली मेमरी) असेल तर शंभर-दीडशे करा. नुसती २ एमबी चिप रॅम (ग्राफिक्ससोबत वाटून घ्यायची मेमरी) असेल तर जपून.

आणखी वेगवान कार्ड किंवा एसएसडी टाकून फार काही मिळणार नाही. १२०० च्या आयडीईला डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवायची सोय, नाही. प्रत्येक बाइट १४ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर स्वतः उचलून नेतो, कार्ड कितीही धावलं तरी हमालाचा वेग तोच. त्यापेक्षा थोडी फास्ट रॅम घाला, मग प्रोसेसरला चिप रॅमसाठी ग्राफिक्सशी रांग लावावी लागत नाही, आणि फरक उघड दिसतो. वर्कबेंच २५६ रंगांत चालवत असाल तर एकदा ८ रंगांवर आणून पाहा.

थंड असताना हळू, गरम असताना ठीक

थंड सुरुवातीला फ्लॉपी घाला असं सांगणारं चित्र येतं आणि रीसेट मारला की हार्ड डिस्कवरून व्यवस्थित सुरू होतं, म्हणजे डिस्कची मोटर वेग घेईपर्यंत किकस्टार्टचा धीर संपला. साडेतीन इंची डिस्क आत बसवलेली असेल तर हे हमखास. मोटर उचलताना ५ व्होल्टच्या तारेवर मीटर लावून बघा, लाल आणि काळी तार. सुरुवातीला ४.७५ च्या खाली जात असेल तर वीजपुरवठा थकला आहे. १२०० सोबत आलेला पुरवठा अमिगा ५०० च्या जुन्या जड ठोकळ्यापेक्षा हलका होता आणि त्यावर डिस्क, अ‍ॅक्सिलरेटर, नेटवर्क कार्ड असं सगळं लादलं की तो मान टाकतो. पुरवठा चांगला असेल तर बोर्डावरचे कपॅसिटर पाहा. १९९२ च्या सुमाराच्या या बोर्डांवरचे छोटे गोल कपॅसिटर गळतात, त्यांच्या पायांशी सोल्डर काळपट, निस्तेज दिसतं आणि गरम केल्यावर कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वास आला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बदला, कारण ते पाणी बोर्डाच्या तारा खातं.

राहता राहिली एक तक्रार, जी तक्रारच नाही. अमिगा ओएस ३.९ टाकल्यावर थंड सुरुवातीला मशीन एकदा अर्धवट उठतं, पडदा काळा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्टार्टअप-सीक्वेन्समधला सेटपॅच हा आदेश रॉमच्या काही भागांच्या नव्या प्रती मेमरीत टाकतो आणि त्या लागू व्हाव्यात म्हणून स्वतःच रीसेट करतो. गरम रीसेटवर हे होत नाही. हा दुसरा फेरा वाचवायला मी एकदा सेटपॅचची ओळच काढली होती. मशीन सात सेकंद लवकर सुरू झालं, आणि मोठ्या पार्टिशन दिसायच्या बंद झाल्या.